रस्ता हरणाच्या नजरेनंही पाहायला हवा

नागझिऱ्याला सफारीसाठी निघालेल्या मंडळींना एक सूचना हमखास मिळते: भडक कपडे नकोत, लाल तर मुळीच नको. चोरखमारा असो की पिटेझरी, पहाटे गेटवर जिप्सीत चढताना लाल टी-शर्ट घातलेल्या मुलाच्या अंगावर त्याची आई घाईघाईनं जाकीट चढवते. ते जाकीट बहुतेक वेळा निळं असतं. शेजारी बसलेल्या काकांचा सदरा नव्या पावडरीत धुतलेला, लख्ख पांढरा. त्याला कुणी हरकत घेत नाही. वास्तविक कुरणात उभ्या असलेल्या चितळाला त्या गाडीतलं काही ठळक दिसत असेल, तर ते निळं जाकीट आणि तो पांढरा सदरा. लाल टी-शर्ट त्याच्या लेखी गवता-पाचोळ्यातच जमा.

गैरसमज कपड्यांपुरताच असता, तर सोडून देता आला असता. पण जंगलाला लागून माणूस जे जे उभं करतो, म्हणजे रस्ते, दिवे, शेताची कुंपणं, पाणवठ्यावरच्या मचाणी, ते सगळं तो स्वतःच्या डोळ्यांना विचारून उभं करतो. गोंदिया जिल्ह्यात याची किंमत रोज मोजावी लागते. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग ५३ साकोली ते देवरी या टप्प्यात नागझिरा आणि नवेगावच्या जंगलांच्या मधून जातो. गोंदियाहून कोहमाऱ्याला येणारा रस्ता मुरदोलीच्या दाट जंगलातून निघतो. कान्हा, नागझिरा, नवेगाव आणि ताडोबा यांना जोडणारा वन्यप्राण्यांचा मार्ग याच भागातून जातो. त्यामुळे हरणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा इथं प्रशासनाच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे, आणि तो तसा हाताळला जात नाही, ही या लेखाची तक्रार आहे.

आधी डोळ्याचं गणित. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांच्या जोरावर तो निळा, हिरवा आणि लाल असे वेगवेगळे रंग पाहतो. हरणाच्या डोळ्यात या पेशी दोनच प्रकारच्या. हे अंदाजानं ठरलेलं नाही. अमेरिकेतले दृष्टिशास्त्रज्ञ जेराल्ड जेकब्स, जे नाइट्झ आणि जॉर्जिया विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी भूल दिलेल्या हरणांच्या डोळ्यांत वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश सोडला आणि दृष्टिपटलातून उमटणारा विजेचा प्रतिसाद मोजला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन जातींची हरणं होती: अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि फॅलो हरीण. एक शंकूपेशी ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते, दुसरी साधारण ५४० नॅनोमीटरच्या हिरव्याला, असं त्यात दिसलं. लाल प्रकाशासाठी वेगळी पेशीच नाही. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी ४९७ नॅनोमीटरला, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील. फॅलो हरीण हे आपल्या चितळाचं जवळचं नातलग आहे. गाय, शेळी, मेंढी यांच्या डोळ्यांची रचनाही अशीच दोन शंकूंची. गोठ्यातला बैल लाल कापडाला बिथरत नाही. बिथरतो तो ते हलवणाऱ्या हाताला.

या दोन शंकूंच्या जगात निळा रंग उठून दिसतो, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल मात्र एकमेकांत मिसळतात. त्यातही लाल जितका गडद, तितका तो हरणाला काळपट भासतो. कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणासाठी जे रसायन घातलेलं असतं, ते उन्हातले अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. हा निळा नेमका हरणाच्या निळ्या शंकूच्या टप्प्यात येतो. काकांचा पांढरा सदरा म्हणूनच जंगलात नजरेत भरतो.

वाघ नारिंगी का, या कोड्याचं उत्तरही इथंच आहे. माणसाला हिरव्या जंगलात तो पट्टेदार नारिंगी अंगाचा प्राणी लपायला नालायक वाटतो. पण वाघाला माणसापासून लपायचंच नसतं, लपायचं असतं चितळ-सांबरापासून. ब्रिस्टल विद्यापीठातल्या जॉन फेनेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली संगणकाच्या मदतीनं हे तपासलं. दोन शंकूंच्या नजरेला वाघाचा नारिंगी रंग हिरव्या पार्श्वभूमीत विरघळून जातो, असं त्यांना आढळलं. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवं रंगद्रव्य तयार होत नाही. निसर्गाला जे जमत होतं ते नारिंगी, आणि हरणाच्या डोळ्यापुढं ते हिरव्याइतकंच कामाचं ठरलं. चितळाचं स्वतःचं तांबूस अंगही दुसऱ्या चितळाला झाडोऱ्याच्याच रंगाचं दिसत असणार. शेपटीखालचा पांढरा भाग मात्र वेगळा. धोका जाणवला की चितळ शेपटी उभारतं आणि तो पांढरा झेंडा कळपभर दिसतो.

मग चितळाला वाघ कळतो कसा? मोठा भाग नाक आणि कान सांभाळतात. उरलेला भाग अनेकदा वरून येतो. नागझिऱ्यात सकाळी एखाद्या मोहाच्या झाडाखाली थांबलं, तर हे अगदी जवळून पाहता येतं. वर वानरांची टोळी पाला ओरबाडत असते, खाली पडलेला पाला आणि फुलं चितळं वेचत असतात. अचानक शेंड्यावरचं एक वानर खाकरल्यासारखा आवाज काढतं. खाली सगळी तोंडं एकदम वर होतात, कान पुढं वळतात, पुढचा एक पाय जमिनीवर आपटला जातो. गाइड हलक्या आवाजात सांगतो, ‘कॉल आला.’ चितळाला अजून काही दिसलेलं नसतं. वानराला दिसलेलं असतं, कारण आशिया आणि आफ्रिकेतल्या माकड-वानरांच्या डोळ्यांत माणसासारखेच तीन शंकू असतात. हिरव्यातला नारिंगी त्याला वेगळा काढता येतो. वानर आणि चितळ यांच्या या सहवासाचा अभ्यास पॉल न्यूटन यांनी शेजारच्या कान्हात केला आणि तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. वानरांनी पाडलेलं खाद्य चितळांना मिळतं आणि दोन्ही प्राणी एकमेकांच्या इशाऱ्यांवर सावध होतात, हे त्यातून पुढं आलं. रंगांची उणीव चितळानं शेजारधर्मातून भरून काढली आहे.

पण हरणाचा डोळा अपुरा आहे असा याचा अर्थ नव्हे. तो मुळात कातरवेळेसाठी घडलेला डोळा आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळपास ३०० अंशांचा परिसर नजरेत. बाहुली आडवी. ती क्षितिजालगतचा पट्टा व्यवस्थित टिपते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे मार्टिन बँक्स यांनी २०१५ साली आडव्या बाहुलीच्या चरणाऱ्या प्राण्यांविषयी एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. चरण्यासाठी मान खाली गेली की त्यांचे डोळे खोबणीत ५० अंशांहून अधिक फिरतात आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. तोंड गवतात असलं तरी नजर क्षितिजावर राहते, ती अशी.

दृष्टिपटलामागं आणखी एक चकाकणारा थर असतो. पेशींतून निसटून मागं गेलेला प्रकाश तो परत पुढं पाठवतो आणि पेशींना तो टिपण्याची दुसरी संधी मिळते. रात्री टॉर्चच्या झोतात हरणाचे डोळे चमकतात ते याच थरामुळं. उत्तर ध्रुवाकडच्या रेनडिअरमध्ये हा थर उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्याच्या लांबलचक अंधारात गडद निळा होतो, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे ग्लेन जेफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं. ऋतूप्रमाणे प्रकाशाशी इतकं जुळवून घेणारा हा डोळा. झुंजुमुंजु होताना आणि तिन्हीसांजेला, माणसाला ठेचकाळायला होतं तेव्हा चितळ निवांत चरत असतं. सांबर तर रात्रीचाच प्राणी. पौर्णिमेचं चांदणं त्याच्यासाठी भरपूर उजेड.

या डोळ्यावर मोटारीचा झोत पडतो तेव्हा काय होतं?

रात्रीचे नऊ-साडेनऊ झालेले असतात. मुरदोलीच्या वळणावर एक चितळाची मादी डांबरी रस्त्याच्या कडेला येते. तिची बाहुली पूर्ण उघडलेली, दंडपेशी चांदण्याला सरावलेल्या, मागचा थर येईल तो कण न् कण परत पाठवणारा. वळणावरून दोन पांढरे दिवे थेट अंगावर येतात. क्षणात दंडपेशी भरून जातात, रस्ता, झाडं, मागचं पाडस, सगळं नाहीसं होतं आणि उरतो नुसता पांढरा लोळ. मोटारीचा आकार दिसत नाही, म्हणून तिचं अंतर कळत नाही आणि वेगही कळत नाही. लोक म्हणतात, हरीण दिव्यापुढं वेड्यासारखं थिजतं. ते थिजतं कारण त्या क्षणी ते आंधळं झालेलं असतं, आणि आंधळ्या प्राण्यानं पाऊल न उचलणं हाच शहाणपणा. लाखो वर्षं तो शहाणपणा कामी आला. ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला २२ मीटर कापते, तिथं तो कामी येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत या झोताचा रंगही बदलला. पूर्वीचे हॅलोजन दिवे पिवळट होते, रस्त्यांवरचे सोडियम दिवे ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश देत. २०१५ साली देशभर पथदिवे बदलण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पांढरे एलईडी आले. विजेची बचत झाली, हे खरंच. पण पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा दिवा असतो. साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पिवळ्या लेपातून गाळून पांढरा केला जातो आणि निळ्याचा मोठा हिस्सा तसाच बाहेर पडतो. हरणाच्या निळ्या शंकूचा आकडा पुन्हा पाहा: ४५० ते ४६०. हरणाचा निळा शंकू ज्या रंगाला सर्वाधिक हळवा, तोच रंग आपण रस्त्यावर आणि मोटारीच्या तोंडाशी आणून बसवला. हे करताना हरणाचा विचार कुणी केला नव्हता, आणि करायला हवा होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये याच गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीजवळ रात्री एका मोटारीनं तरुण वाघाला धडक दिली. जखमी वाघ स्वतःला फरपटत रस्त्याच्या कडेला नेत असल्याचा व्हिडिओ राज्यभर पाहिला गेला. उपचारासाठी नेत असताना तो मेला. हळहळ झाली, आणि ती योग्यच होती. पण त्याच रस्त्यावर चितळ, भेकर किंवा सांबर मरतं तेव्हा एक ओळीची बातमीही होत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या गेल्या. २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वाघ वाढावेत म्हणून एवढा खटाटोप होतो, तर वाघाचं भक्ष्य रस्त्यावर वाया जाऊ देणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

उपाय काय? काही उपाय माणसाला सोयीचे वाटतात, पण ते निरुपयोगी ठरले आहेत. रस्त्याकडेला खांबांवर चकाकणारे परावर्तक लावायचे, म्हणजे मोटारीचा उजेड जंगलाकडं वळेल आणि प्राणी थांबतील, अशी कल्पना बऱ्याच देशांत विकली गेली. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली रात्रीच्या निरीक्षणातून वेगवेगळ्या रंगांचे परावर्तक पारखले. हरणांनी त्यांना दाद दिली नाही. याउलट २०२० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांचा प्रयोग विचार करायला लावणारा आहे. त्यांनी मोटारीला पुढं एक छोटी एलईडी पट्टी लावली, पण तिचा उजेड रस्त्यावर न टाकता मोटारीच्याच दर्शनी भागावर टाकला. हरणाला दोन लोळांऐवजी पुढं येणारी वस्तू दिसू लागली. धोकादायक प्रसंगांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. दिव्यांची संख्या तेवढी महत्त्वाची नव्हती, प्रकाश कुठं पडतो हे महत्त्वाचं होतं.

आपल्याकडची उदाहरणंही दूर नाहीत. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात, महाराष्ट्राच्या हद्दीत, प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ बांधकामं झाली. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावून नोंदी ठेवल्या. त्या वाटांचा सर्रास वापर करणाऱ्यांत चितळ आघाडीवर होतं. पुढं मध्य प्रदेशच्या हद्दीत तर मोटारींचा आवाज आणि झोत खाली जंगलात जाऊ नये म्हणून पुलाच्या कडेला आडोसे उभारले आहेत. हरणाच्या डोळ्याची काळजी घेणारं बांधकाम देशात होऊ शकतं, याचा हा पुरावा गोंदियापासून काही तासांच्या अंतरावर आहे. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे. मुरदोलीत इतकं टोक गाठणं जमणार नसेल, तर निदान रात्रीचा वेग ४० वर आणणं आणि तो खरोखर पाळायला लावणं जमायला हवं. ४० च्या वेगात मोटार सेकंदाला ११ मीटरच जाते, आणि हरणाला सावरायला दुप्पट वेळ मिळतो.

इथं एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जंगलाला लागून असलेल्या गावांना उजेड हवाच. बिबट्याची भीती असते, पहाटे मोहफुलं वेचायला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला बाया अंधारातच घर सोडतात. त्यांच्या वाटेवरचे दिवे काढा, असं म्हणणारा माणूस त्यांचं जगणं ओळखत नाही. मागणी वेगळी आहे. दिवे असावेत, पण पिवळट छटेचे. त्यांना वरून टोपी असावी, म्हणजे उजेड अंगणात आणि वाटेवर पडेल, रानात पसरणार नाही. आणि वस्ती संपल्यावर, निव्वळ जंगलाच्या पट्ट्यात ते असूच नयेत. प्राण्यांच्या खालच्या वाटांमध्ये तर एकही दिवा नको. पिवळट एलईडी बाजारात मिळतात. प्रश्न निविदेत त्यांचं नाव लिहिण्याचा आहे.

शेताच्या बांधावरही हाच विचार लागू होतो. गोंदिया हा धानाचा जिल्हा. बांध्यांमध्ये धान निसवायला लागलं की रात्रीची जागल सुरू होते. रानडुक्कर, रोही आणि चितळ यांना अडवायला शेतकरी बांबूच्या खुंट्यांवर जुन्या साड्या ताणून बांधतो. उद्देश हा की रंग पाहून जनावर बुजेल. लाल-केशरी साडी रात्री हरणाला जवळजवळ दिसतच नाही. तिथं निळं किंवा पांढरं कापड निदान नजरेला तरी येतं. मात्र वाऱ्यावर हलणाऱ्या कापडाची आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची जनावरांना काही दिवसांत सवय होते, हेही शेतकरी जाणतात. मग हताश होऊन कुणी कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतो, आणि त्यात हरणाबरोबर कधी वाघ, कधी स्वतः शेतकरीच मरतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. त्याचा झटका बसतो, जीव जात नाही, आणि डोळ्याला कुठला रंग दिसतो यानं त्याला फरक पडत नाही. हे कुंपण वेळेवर शेतात उभं राहिलं, तर साडीच्या रंगाची चर्चाच करावी लागणार नाही. धान कापून झाल्यावर मंजूर होणारं अनुदान शेतकऱ्याच्याही उपयोगाचं नाही आणि चितळाच्याही.

जंगलात शिरणाऱ्यांसाठीही नियम बदलायला हवेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवरच्या मचाणींवर निसर्गप्रेमींना बसवतो. तिथं आवाज करू नका, अत्तर लावू नका, अशा सूचना असतात. त्यात आणखी एक भर पडावी: टॉर्चला लाल कागद लावा आणि मोबाइलचा पडदा उघडू नका. लाल उजेडात माणसाला वही लिहिता येते आणि हरणाला तो फारसा जाणवत नाही. कपड्यांच्या सूचनेतही ‘लाल नको’ऐवजी ‘निळा आणि पांढराशुभ्र नको’ असं लिहावं. नागझिऱ्याच्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षं वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात राहणाऱ्या पाहुण्यांना सांबरं अंगणापर्यंत आलेली कळत, आणि त्या अंधाराबद्दल कुणी कुरकुर करत नसे. आता मुक्कामाची सोय जंगलाच्या सीमेवरच्या रिसॉर्टांमध्ये वाढते आहे. त्यांच्या बागेतल्या निळ्या-जांभळ्या शोभेच्या दिव्यांना परवानगी देताना ग्रामपंचायतीनं आणि वन विभागानं थोडं थांबून विचार करावा.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि वन विभाग यांनी मिळून मुरदोली आणि साकोली-देवरी पट्ट्यातले दिवे, आडोसे आणि रात्रीची वेगमर्यादा यांचा एकदा तरी हरणाच्या डोळ्याच्या हिशेबानं आढावा घ्यावा. त्यासाठी नवं संशोधन लागत नाही, १९९४ पासूनचे आकडे समोर आहेत. वाचकांनी मात्र सरकारी आढाव्याची वाट पाहत बसू नये. या रस्त्यांवरून रात्री जाताना गाडीचा वेग ४० वर आणा. रस्त्यात चितळ उभं दिसलं तर थांबा, अप्पर लाइट असेल तर डिप्पर करा, हॉर्नचा भडिमार करू नका, त्याच्या डोळ्यांना सावरायला अर्धा मिनिट द्या. आणि ते पलीकडं गेल्यावर लगेच गाडी दामटू नका. चितळ कळपानं चालतं. एक गेलं, तरी मागून आणखी येत असतात.